अकुशल कोणास म्हणावें?

आपल्या देशांत किमान वेतनाचा कायदा १९४८ सालीं झाला. त्या कायद्यान्वयें निरनिराळ्या धंद्यांसाठीं सरकारनें वेळोवेळीं जे दर जाहीर केले, त्यांत कामगारांचे तीन वर्ग पाडलेले आढळतात : कुशल, अर्धकुशल आणि अकुशल. पहिल्या दोन वर्गांविषयीं आज मला फारसें बोलावयाचें नाहीं. तिसऱ्याविषयीं मात्र बोलावयाचें आहे. कारण संगणकाच्या आज्ञेनें चालणारीं जीं यंत्रें आज कारखान्यांत येत आहेत, त्यांची झळ या वर्गाला फार लवकर लागते. त्या यंत्रांमुळें अभियंत्यांचें व कचेरींतील कारकुनांचें काय होणार, याची चर्चा आपल्या घरांतून पुष्कळ चालते. आपलीं मुलें-नातवंडें त्या धंद्यांत असल्यामुळें ती चर्चा आपणांस जवळची वाटते, आणि तें स्वाभाविकच आहे. परंतु जो मनुष्य हातांत डबा घेऊन कारखान्याच्या दारांतून आंत जातो, आणि ज्याच्याविषयीं ‘याला काय येतें, हा नुसता अंगमेहनतीचा गडी’ असें आपण सहज बोलून जातों, त्याच्या कामाचें स्वरूप कसें पालटत आहे, याचा विचार आपल्याकडे फारसा होत नाहीं. तो आज आपण थोडासा करूं.

विषय मोठा आहे, म्हणून मी मुख्यतः एकच धंदा घेतों. तो कापड विणण्याचा. इचलकरंजीस १९०४ सालीं विठ्ठलराव दातार यांनीं पहिला यंत्रमाग बसविला, आणि पुढें त्या जहागिरीच्या गांवाचें एक मोठें वस्त्रनगर झालें. भिवंडी, मालेगांव, सोलापूर हीं गांवेंही मागांच्या खडखडाटावरच वाढलीं. या गांवांतील साध्या मागावर काम करणारा मनुष्य नेमकें काय करितो, तें प्रथम पाहूं.

मागावर उभ्या धाग्यांचा ताणा बसविलेला असतो. त्यांत हजारों धागे असतात. त्यांच्यामधून आडवा धागा, म्हणजे बाणा, घेऊन धोटा मिनिटाला शंभराहून अधिक वेळां इकडून तिकडे धांवतो. धोट्याच्या पोटांत बाण्याच्या सुताची कांडी असते. ती संपली कीं माग थांबवून दुसरी घालावयाची. ताण्यांतला एखादा धागा तुटला, तर तो हजारांतून हुडकून काढावयाचा, गांठ मारावयाची, फणींतून ओढून घ्यावयाचा आणि माग पुन्हां सुरू करावयाचा. हें सर्व एका मागावर नव्हे. चार, सहा, कधीं आठ मागांवर एकाच वेळीं. कोणत्या मागाची कांडी आतां संपेल, याचा अंदाज त्या मनुष्याच्या डोक्यांत सतत चालूं असतो. एवढ्या गोंगाटांत एखाद्या मागाचा आवाज किंचित् बदलला, तर तो त्याच्या कानाला कळतो. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेंत सूत अधिक तुटतें, हें तो कोणत्याही पुस्तकावांचून जाणतो. सुतावर बोट फिरवून खळ कमी आहे कीं अधिक, हें तो सांगतो. माग बिघडला तर जॉबरला हांक मारावयाची, कीं आपणच एखादी खीळ आवळून वेळ भागवावयाची, हा निर्णय तो क्षणांत घेतो. 

हें सर्व ज्ञानच आहे. मात्र तें लिहिलेलें नाहीं, त्याची परीक्षा होत नाहीं, आणि त्याचें प्रमाणपत्र मिळत नाहीं. म्हणून हिशेबाच्या वहींत त्याला किंमत नाहीं. मी आयुष्यभर शाळेंत मुलांना शिकविलें. शेकडेवारीचीं गणितें पाहून ज्यांचे हातपाय गळत, अशीं कित्येक मुलें पुढें मागांवर गेलीं. बावन्न पिकाच्या कापडाला मीटरमागें अमुक पैसे दर असतां साठ पिकाला किती पडतील, आठवड्याचे किती होतील, उचल वजा जातां हातांत काय येईल, हा हिशेब तीं मुलें पुढें रस्त्यानें चालतां चालतां करीत. एका इंचांत आडवे धागे किती बसले, तें म्हणजे पीक. तें मोजूनच मजुरी ठरते. पोटाशीं गांठ पडली म्हणजे त्रैराशिक कोणाला अवघड जात नाहीं, हें मला त्यांच्याकडून कळलें.

आतां नवीन यंत्राकडे वळूं. ‘डिजिटल’ हा शब्द आपण रोज ऐकतों. त्याचा सरळ अर्थ ‘अंकांवर चालणारें’ असा आहे. जगांतली कोणतीही गोष्ट शून्य आणि एक या दोन अंकांच्या ओळींत मांडावयाची, आणि त्या ओळी विजेच्या साह्यानें यंत्राकडून वाचवावयाच्या, हें त्याचें मर्म होय. मौजेची गोष्ट अशी कीं, या कल्पनेचें एक मूळ मागांतच आहे. फ्रान्समधील लियाँ शहराच्या जॅकार नांवाच्या कारागिरानें १८०४ च्या सुमारास असा माग सिद्ध केला, कीं ज्यांत भोंकें पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेवरून कापडावरील नक्षी आपोआप विणली जाई. भोंक असेल तेथें धागा उचलावयाचा, नसेल तेथें उचलावयाचा नाहीं. एक आणि शून्य यांचाच हा खेळ. पुढें इंग्लंडांत चार्लस् बॅबेज यानें आपल्या नियोजित गणनयंत्रासाठीं हेच पुठ्ठे योजिले. पुठ्ठे जाऊन त्यांच्या जागीं विद्युत्कणांच्या साह्यानें चालणारा जॅकार १९८३ सालीं बाजारांत आला.

जुन्या यंत्रांनीं मनुष्याच्या स्नायूंचें काम घेतलें. हें नवें यंत्र त्याचें लक्ष देण्याचें काम घेतें, आणि शिवाय सर्व गोष्टींची नोंद ठेवितें. हे दोन फरक ध्यानांत ठेविले पाहिजेत. 

बिनधोट्याच्या नव्या मागांपैकीं एका जातींत हवेच्या झोतानें बाणा फेंकला जातो, तोही मिनिटाला सहाशें-सातशें वेळां किंवा त्याहूनही अधिक. प्रत्येक उभ्या धाग्यावर एक पातळ धातूची पट्टी लोंबत असते. धागा तुटला कीं पट्टी खालीं पडते, विजेचा फेरा पुरा होतो आणि माग तत्क्षणीं थांबतो. माथ्यावर रंगीत दिवा लागतो. उभा धागा तुटला असेल तर एका रंगाचा, आडवा तुटला असेल तर दुसऱ्या रंगाचा. बाणा मोठ्या शंकूवरून थेट येत असल्यामुळें कांडीचें कामच उरत नाहीं. माग किती मिनिटें थांबला, कां थांबला, किती वेळानें सुरू झाला, हें सर्व मागावरील पडद्यावर उमटतें, आणि तेंच मालकाच्या कचेरींतही दिसूं शकतें.

यामुळें तीन गोष्टी घडतात. पहिली ही कीं, कांहीं कामें समूळ नाहींशीं होतात. कांडी भरण्याचें काम घ्या. यंत्रमागांच्या गांवीं तें पुष्कळ ठिकाणीं स्त्रिया व वयस्क माणसें करितात. अंगांत ताकद नाहीं, दूर जाणें शक्य नाहीं, अशांचा तो आधार. बिनधोट्याचा माग आला कीं त्या कामाला कोणी बंद करीत नाहीं. त्याचें प्रयोजनच संपतें. अशा स्त्रीला कोणी कामावरून काढलें असें म्हणतां येत नाहीं, आणि म्हणून तिची दादही कोठें लागत नाहीं.

दुसरी गोष्ट अशी कीं, जो राहतो त्याचें काम एका अर्थीं हलकें होतें व दुसऱ्या अर्थीं जड होतें. कान आणि डोळा यांचें काम दिव्यानें घेतलें. पण त्यामुळें त्याच्याकडे अधिक माग देतां येतात. दिवा लागेल तिकडे धांवणें, एवढेंच उरतें. पूर्वी तो मागाच्या पुढें एक पाऊल असे. आतां तो मागाच्या पाठीमागें धांवतो.

तिसरी गोष्ट नोंदीची. पूर्वी दिवाणजी एक फेरी मारून जाई, आणि त्यानंतर दोन घटका मनुष्य आपल्या मनाचा धनी असे. आतां दिवाणजी जात नाहीं. पाणी पिण्यास गेलेलीं चार मिनिटें पडद्यावर ‘माग बंद’ म्हणून उमटतात. सूत निकस होतें म्हणून वाया गेलेलीं चाळीस मिनिटेंही तशींच उमटतात. अंक खोटें बोलत नाहींत हें खरें. परंतु कोणता प्रश्न विचारावयाचा, हें अंक ठरवीत नाहींत, तें विचारणारा ठरवितो.

कापडाबाहेरचें एक उदाहरण देतों. कोल्हापुराच्या आसपास फौंड्र्या व लेथचे कारखाने पुष्कळ आहेत. तेथील जुना टर्नर ओतीव लोखंडाचा नग लेथवर चढवून, हत्याराला धार देऊन, मापें घेत घेत तो घडवीत असे. अंकांच्या आज्ञेनें धातु कापणाऱ्या यंत्राचें पहिलें जाहीर प्रात्यक्षिक अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशिक्षण संस्थेंत १९५२ सालीं झालें. त्याचीच संतति असलेल्या ‘सीएनसी’ यंत्रावर आज नग चढवावयाचा, दार लावावयाचें, हिरवें बटण दाबावयाचें, आणि नग झाला कीं काढून दुसरा चढवावयाचा. नग कसा कापावयाचा ही आज्ञा दुसऱ्या कोणीतरी दुसऱ्या खोलींत बसून लिहिलेली असते. म्हणजे टर्नराच्या एका धंद्याचे दोन तुकडे झाले. डोक्याचा तुकडा वर गेला, हाताचा तुकडा खालीं राहिला, आणि खालच्या तुकड्याचें नांव ‘अकुशल’ किंवा फार तर ‘अर्धकुशल’ पडलें. तेव्हां अकुशल मनुष्य जन्मास येत नाहीं. कामाची वांटणी त्याला तसा करिते. माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा हाच आहे.

यंत्राची दुसरी बाजूही न्यायानें सांगितली पाहिजे. कारखान्यांत काम करणारा पहिला यंत्रमानव १९६१ सालीं अमेरिकेंत न्यू जर्सी प्रांतांतील मोटारींच्या कारखान्यांत उभा राहिला. त्याला दिलेलें काम होतें साच्यांतून निघालेले तप्त धातूचे नग उचलण्याचें. असें काम माणसाच्या हातून गेलें, तर कोणीही हळहळूं नये. साध्या मागावरील धोटा कधीं कधीं उडून माणसाला जखमी करितो; बिनधोट्याच्या मागानें ती भीति घालविली. बळ कमी लागतें, म्हणून जीं कामें पूर्वी केवळ धट्ट्याकट्ट्या पुरुषांचीं समजलीं जात, तीं स्त्रियांनाही खुलीं होऊं शकतात. आणि पिकांची व मीटरांची बिनचूक मोजणी यंत्र करीत असेल, तर मापावरून होणारी जुनी कटकटही मिटावी. यंत्राचा द्वेष करून कांहीं साधणार नाहीं.

द्वेषाविषयीं इतिहास काय सांगतो तें पाहूं. १८११ सालीं इंग्लंडांत नॉटिंगहॅमच्या मुलुखांत मोजे विणणाऱ्यांनीं यंत्रें फोडण्यास आरंभ केला. त्यांना ‘लडाइट’ म्हणत, आणि तो शब्द आजही अडाणी या अर्थानें शिवीसारखा वापरतात. वास्तविक हे लोक आपल्या धंद्यांत निष्णात होते, आणि तशाच यंत्रांवर त्यांच्या कित्येक पिढ्यांनीं पोट भरलें होतें. त्यांचा राग होता तो त्या यंत्रांवर न शिकलेलीं माणसें बसवून, हलका माल काढून, मजुरीचा दर पाडणाऱ्या मालकांवर. १८१२ सालीं पार्लमेंटनें यंत्र फोडणाऱ्यास देहान्ताची शिक्षा ठरविली. कवि बायरन यानें सरदारांच्या सभेंत त्या विधेयकाविरुद्ध भाषण केलें, पण तें व्यर्थ गेलें. 

आपल्या मुंबईंतही १९२८ सालीं सुमारें सहा महिने गिरण्या बंद राहिल्या. त्या संपाच्या मुळाशीं जीं कारणें होतीं, त्यांत दोन मागांऐवजीं तीन माग एका माणसाकडे देण्याची मालकांची योजना हें एक प्रमुख कारण होतें. एका माणसानें किती यंत्रें पाहावीं, हा प्रश्न आजचा नव्हे.

परंतु मुंबईच्या गिरण्यांचा पुढला इतिहास याहून अधिक शिकवणारा आहे. १८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतरच्या वर्षांत गिरण्या एकामागून एक मिटल्या व गिरणगांव ओसरलें. हें काम कोणा शहाण्या यंत्रानें हिरावून नेलें काय? बहुतांशीं नाहीं. संपाच्या पूर्वीपासूनच कापड विणण्याचें काम भिवंडी, मालेगांव, इचलकरंजीकडे वळत होतें. तेथील माग गिरण्यांच्या मागांहून चांगले नव्हते. कित्येक तर गिरण्यांनींच मोडींत काढलेले होते. मात्र तेथें मजुरी कमी होती, पाळी बारा तासांची होती, आणि कायद्याचा हात तेथवर क्वचितच पोंचे. म्हणजे मुंबईच्या कामगाराचें काम नव्या यंत्रानें नेलें नाहीं, तर जुन्या यंत्रावरील स्वस्त हातानें नेलें. आज त्याच स्वस्त हातासमोर नवें यंत्र उभें आहे. जुन्या यंत्राला चिकटून राहणें हाही बचाव नव्हे, हें यावरून दिसेल. तेव्हां यंत्र येऊं द्यावें कीं नाहीं, हा वादाचा मुद्दाच नाहीं. तें येतांना त्या मनुष्याला काय सांगून येतें, काय शिकवून येतें आणि काय देऊन येतें, हा खरा मुद्दा आहे.

सांगण्याविषयीं कायदा आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यांत असें कलम होतें कीं, कामगारकपात होण्याचा संभव असलेली यंत्रसामग्रींतील सुधारणा करावयाची असल्यास मालकानें आधीं नोटीस दिली पाहिजे, आणि नोटिशीनंतर २१ दिवसांच्या आंत ती सुधारणा अमलांत आणूं नये. २०२० सालीं संमत होऊन २०२५ च्या नोव्हेंबरांत लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेंतही ही तरतूद राखलेली आहे. पण नोटीस मिळते ती ज्याचें नांव हजेरीपटावर आहे त्याला. जो कंत्राटदाराचा माणूस आहे, जो पिकावर मजुरी घेतो आणि ज्याचें नांव कोणत्याच वहींत धड नाहीं, त्याला नवा माग आल्याचें वर्तमान कळतें तें जुना माग भंगारांत जातांना पाहून.

शिकविण्याविषयीं पाहावें, तर सरकारनें या धंद्यासाठीं पुष्कळ पैसा खर्च केला आहे. नवीं यंत्रें घेण्यास मालकांना कर्जाच्या व्याजांत सवलत देणारी योजना १९९९ सालीं निघाली, आणि निरनिराळ्या रूपांनीं ती २०२२ पर्यंत चालली. कामगारांना शिकविण्याच्याही योजना आहेत. पण त्यांचा लाभ घेण्यांत एक साधी अडचण आहे. जो पिकावर मजुरी घेतो, त्यानें शिकावयाचें म्हणजे पाळी बुडवावयाची, आणि पाळी बुडाली कीं त्या आठवड्याचा बाजार बुडाला. ज्याला शिकण्याची अत्यंत गरज, त्यालाच शिकणें महाग पडतें. म्हणून नव्या यंत्राचें शिक्षण हें कामाच्या वेळांतच, मजुरी चालूं ठेवून दिलें पाहिजे. ज्या दिवशीं यंत्र जोडणारा कारागीर येतो, त्या दिवसापासून चालविणाऱ्याला त्याच्याजवळ उभें करावें. कांडी भरणाऱ्या बाईला कापड तपासण्याचें, दोष नोंदण्याचें काम शिकवितां येतें. तिची नजर सुताला सरावलेली आहे. पंचेचाळिशीच्या माणसाला नवीन कांहीं येत नाहीं, असें म्हणणारे त्याला शिकवून पाहत नाहींत.

शिकविण्याच्या भाषेचाही विचार हवा. यंत्राच्या पडद्यावरील अक्षरें बहुधा इंग्रजी असतात. मागावरचा मनुष्य मराठी, कानडी किंवा तेलुगु बोलणारा असतो; उत्तर प्रदेश, बिहार अथवा ओडिशाहून आलेला असतो. पडद्यावर त्याची भाषा आणणें हें आजच्या यंत्रविद्येला मुळींच कठीण नाहीं. तें कोणी मागावयास हवें.

आणि देण्याविषयीं माझें म्हणणें एवढेंच कीं, त्याच्या कामाचे जे अंक मालकाला दिसतात, ते त्यालाही दिसले पाहिजेत. किती पिकें पडलीं, किती वेळ माग सुतामुळें थांबला, किती वेळ विजेमुळें, हें त्याला पाळीच्या शेवटीं कळलें, तर तोच पडदा त्याचाही साक्षीदार होईल. जो अंक एकाच पक्षाच्या हातीं असतो तो पहारा होतो. दोघांच्याही हातीं असला म्हणजे त्याला हिशेब म्हणतां येतें. अधिक माग सांभाळून जें अधिक कापड निघतें, त्यांतला वांटाही मग त्याला अंक दाखवूनच मागतां येईल.

श्रोते हो, या सर्वांत आपला संबंध काय, असें कोणी विचारील. आपण कारखानदार नाहीं, कायदा करणारेही नाहीं. तथापि आपल्या अंगावरचें कापड कोणाच्या तरी मागावरून आलें आहे, आणि त्या मनुष्याला काय म्हणावयाचें, हें आपल्या हातीं आहे. ज्याला आपण अकुशल ठरविलें, त्याला शिकविण्याची जरूर नाहीं, सांगण्याची जरूर नाहीं, त्याच्या जागीं उद्यां दुसरा कोणीही चालेल, असें त्या एका शब्दानेंच ठरून जातें. आपल्यांतील कोणी कारखान्याचे हिशेबनीस आहेत, कोणी अभियंते, कोणी शिक्षक. यंत्र बसविण्याचा विचार चालूं असतां, ‘जे आज येथें काम करितात त्यांना हें कोण शिकविणार, आणि कधीं?’ एवढा एक प्रश्न त्यांनीं विचारावा. यंत्राच्या किंमतीच्या कागदांत त्या शिकवणीचा खर्च एका ओळींत लिहिला गेला, तरी पुष्कळ काम होईल.